मेळा कसला, नुसती टेबलं!

पुन्हा तेच! विमानांच्या जुन्या वस्तूंचा मेळा म्हणून हौसेने जावं, तर निम्मी टेबलं रिकामी आणि उरलेल्यांवर नवीकोरी खेळण्यातली विमानं. पूर्वी खोक्यात हात घातला की १९९१ साली बंद पडलेल्या पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीचं वेळापत्रक निघायचं. कडेला कॉफीचा डाग, आत कुणीतरी पेन्सिलने खूण केलेली फ्लाइट. आता कॉनकॉर्डचं, म्हणजे त्या आवाजाहून वेगवान प्रवासी विमानाचं, सेफ्टी कार्ड दिसलंच, तर प्लास्टिकमध्ये सीलबंद. हात लावायचा नाही म्हणे! वर, "ऑनलाइन टाकलंय, तिथेच बोली लावा." अहो, मग टेबल कशाला मांडलंत? आणि अल्टिमीटरची, म्हणजे विमानाची उंची दाखवणाऱ्या यंत्राची, कळ फिरवल्यावर काटे हलतात की अडकतात, हे मला फोटोत काय कप्पाळ कळणार?