आधी देव, मग दम

आपल्या पायांना जेजुरीची सवय. आधी दम, मग देव. दक्षिण कोरियातल्या बुसान शहरातल्या हेदोंग योंगगुंगसा या बौद्ध मंदिरात उलटा कारभार आहे. कोरियातली जुनी बौद्ध मंदिरं बहुतेक डोंगरात. हे मात्र थेट समुद्राच्या खडकांवर. त्यामुळे 108 पायऱ्या आधी उतरायच्या, देव लगेच भेटतो आणि दम परतीला, उधारीवर.

हेउंदे या बुसानच्या समुद्रकिनाऱ्याच्या भागातून 181 नंबरची बस पकडावी. पुढच्या दाराने चढून प्रवासाचं कार्ड यंत्राला टेकवायचं, मागच्या दाराने उतरताना पुन्हा टेकवायचं. नाहीतर पुढच्या बसला सवलत मिळत नाही. थांब्यापासून दहा-पंधरा मिनिटं चाल. मग बारा राशींचे बारा दगडी प्राणी. आपलं जन्मवर्ष उंदराचं निघालं तरी फोटो काढावाच लागतो. त्यांच्या पुढे वाहतूक सुरक्षेचा मनोरा, खाली चक्क टायर कोरलेला. मोक्ष नंतर, आधी घरी धड पोहोचा, हा व्यवहार मला फार पटतो.

पायऱ्यांच्या तोंडाशी पोटाळ बुद्ध आहे. पोटावर हात फिरवला की मुलगा होतो, अशी समजूत. हात फिरून फिरून ते पोट काळं पडलंय. सासूबाई सोबत असतील तर समुद्राकडे बघत पुढे सरकावं.

खरी परीक्षा पुलावर. खालच्या बालबुद्धाजवळच्या वाडग्यात नाणं टाकायचं असतं. आपला मराठी हात खिशातून अर्थातच सगळ्यात स्वस्त, 10 वॉनचं (वॉन हे कोरियाचं चलन) नाणं काढतो. किंमत साठेक पैसे, वजन जेमतेम सव्वा ग्रॅम. समुद्राचा वारा ते अलगद उचलून भलतीकडे नेतो. 100 वॉनचं साडेपाच ग्रॅमच्या आसपास, ते सरळ जातं. म्हणजे दहा वॉनची पाच नाणी फुकट घालवून शेवटी शंभराचंच काढायचं! वाऱ्याची झुळूक संपेपर्यंत थांबावं आणि मनगटातून, खालून वर उडवावं. क्रिकेटचा थ्रो करू नये, पुलावर मागे माणसं असतात.

मंदिराची स्थापना 1376 ची, पण सोळाव्या शतकाअखेरच्या जपानी स्वारीत ते जळलं आणि 1930 च्या दशकात पुन्हा बांधलं. तेव्हा साडेसहाशे वर्षांचं लाकूड म्हणून खांबाला हात लावून गहिवरू नये. फोटो सकाळीच. तोंड पूर्वेला समुद्राकडे, दुपारनंतर ऊन मंदिराच्या पाठीमागे जातं आणि फोटोत सगळे सावळे दिसतात.

आता ती उधारी. पायऱ्या असमान, जिना अरुंद, आणि समोरून उतरणारी अख्खी सहल. मध्येच थांबावं तर मागची रांग थबकते, म्हणून देखावा बघतोय असा चेहरा करून कडेला व्हावं.

वर बाजारात ओमुकच्या, म्हणजे माशाच्या वड्यांच्या, काड्या उकळत असतात. शाकाहाऱ्यांनी 'नुसतं सूप' असंही म्हणू नये, माशाचंच असतं. होत्तोक घ्यावं. बियांनी भरलेली, तेलात तळलेली गोड पुरी, कागदी कपात उभी देतात. ती वरच्या कडेने, छोट्या घासांनी खावी. मधोमध चावलं की वितळलेली गरम साखर हनुवटीवरून सरळ शर्टावर उतरते, आणि तो डाग बुसानच्या हॉटेलातल्या साबणाने जात नाही.