मुंबई रेडिओ सरकारने सुरू केला म्हणे! अहो, कंपनी होती ती, आणि बुडाली पण

२३ जुलै आला की तो फॉरवर्ड येतोच. "आजच्याच दिवशी १९२७ साली ब्रिटिश सरकारने मुंबईत ऑल इंडिया रेडिओ सुरू केला, भारतातलं पहिलं रेडिओ प्रसारण, सारा देश कान देऊन ऐकत होता, आकाशवाणी हे नाव टागोरांनी दिलं आणि याच केंद्रावरून १९४२ ला उषा मेहतांनी इंग्रजांना ललकारलं." यातली तारीख आणि शहर बरोबर आहे, बाकी आनंदीआनंद.

पहिलं प्रसारण वगैरे काही नाही. १९२१ च्या ऑगस्टमध्येच टाइम्स ऑफ इंडिया आणि पोस्ट-तार खात्याने मिळून मुंबईहून गाण्यांचा कार्यक्रम सोडला होता आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइडसाहेबांनी तो पुण्यात बसून ऐकला. मग १९२३ ला रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेच्या हौशी लोकांनी प्रसारण सुरू केलं, त्याच वर्षी कलकत्त्यात, पुढच्या वर्षी मद्रासला. म्हणजे १९२७ च्या आधी चार वर्षं हे चालू होतं, पदरमोड करून.

आता "सरकारने सुरू केला" हे. मला खरी चीड याची येते. २३ जुलै १९२७ ला व्हाइसरॉय आयर्विनने उद्घाटन केलं हे खरं, पण फीत कोणी कापली म्हणून दुकान त्याचं होत नाही ना. केंद्र होतं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं, चक्क खासगी. भांडवल उभं राहिलं ६ लाख, त्यातले साडेचार लाख मुंबई आणि कलकत्ता ही दोन केंद्रं उभारण्यातच गेले. कमाई कसली तर रेडिओच्या लायसन्सची, म्हणजे घरी रेडिओ ऐकायला तेव्हा जो परवाना लागायचा त्याची. वर्षाला १० रुपये, त्यातले ८० टक्के कंपनीला, शिवाय बाहेरून येणाऱ्या सेटांवर १० टक्के. (पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सच्या पुस्तकात शिक्का मारून आणायचा हे ज्यांना आठवतं त्यांना कळेल मी कशाबद्दल बोलतोय.) १९२९ अखेर अख्ख्या देशात लायसन्सं होती ७,७७५. करा हिशोब, ८ रुपयांनी ६२ हजार २०० होतात, वर्षाला! त्यात दोन शहरांतले कलाकार, इंजिनियर, वीज, सगळं भागवायचं, आणि लायसन्स न काढता फुकट ऐकणारे तेव्हाही होतेच. १ मार्च १९३० ला कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली.

तेव्हा कुठे सरकारने १ एप्रिल १९३० पासून केंद्रं ताब्यात घेतली, तेही प्रयोग म्हणून, दोन वर्षांसाठी. आणि दीड वर्षातच, ऑक्टोबर १९३१ मध्ये, परवडत नाही म्हणून बंद करायचं ठरवून पण टाकलं. सेट विकत घेऊन बसलेले लोक आणि विक्रेते यांनी एवढी ओरड केली की नोव्हेंबरात निर्णय फिरवावा लागला. म्हणजे ज्याचं श्रेय फॉरवर्ड सरकारला देतोय ते सरकार कुलूप लावायला निघालं होतं. आणि ऑल इंडिया रेडिओ हे नाव? ८ जून १९३६, बीबीसीतले लायोनेल फील्डन प्रसारणाचे प्रमुख म्हणून आल्यावर. त्याआधी इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस असं लांबलचक नाव होतं.

"सारा देश ऐकत होता" हे वाचून हसूच येतं. ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा, मीडियम वेव्हवर, नीट ऐकू येणार साधारण ३० मैल म्हणजे फार तर कल्याणपर्यंत. रात्री मीडियम वेव्ह वातावरणाच्या वरच्या थरावरून परत येते म्हणून लांबही लागतं कधीकधी, पण खरखर आणि आवाज वरखाली, त्याला देश ऐकत होता म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

टागोरांचं थोडक्यात. कलकत्त्याच्या शॉर्टवेव्ह केंद्रासाठी त्यांनी 'आकाशवाणी' नावाची कविता लिहिली हे खरं, पण त्याआधीच १९३५ ला म्हैसूरमध्ये गोपालस्वामी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी राहत्या घरातून ३० वॅटचं केंद्र चालू केलं होतं, आकाशवाणी त्या केंद्राचं नाव.

आणि उषा मेहता! त्यांचं काँग्रेस रेडिओ बेकायदा होतं हो, लपूनछपून चालायचं, मुंबईतच जागा बदलत बदलत, २७ ऑगस्ट १९४२ पासून, ४२.३४ मीटर शॉर्टवेव्हवर. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडलं, पुढे चार वर्षांची शिक्षा. सरकारी केंद्रावरून बोलल्या असत्या तर शोधत कशाला फिरले असते पोलीस?

राहता राहिला फॉरवर्डच्या खालचा फोटो. त्यात लांब दांडीची एरियल असलेला ट्रान्झिस्टर आहे. ट्रान्झिस्टरचा शोधच १९४७ चा, आणि मीडियम वेव्हला ती दांडी लागतही नाही, आत फेराइटची कांडी असते तीच पकडते. फोटो तरी बदला राव, ट्रान्झिस्टरच्या आधीचा व्हॉल्व्हवाला रेडिओ टाका.