जनुक तपासणी, स्तनाची शस्त्रक्रिया आणि मेडिक्लेम : फिरत्या संदेशातील चुका

जळगाव, भुसावळ, चाळीसगावकडच्या गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, न्यायालयाच्या आदेशामुळे स्तनाच्या कर्करोगाची जनुक तपासणी आणि धोका आढळल्यास स्तन आधीच काढण्याची शस्त्रक्रिया प्रत्येक मेडिक्लेममध्ये कॅशलेस होते, म्हणून घरातील प्रत्येक बाईने तपासणी करून घ्यावी, आणि कंपनीचा नकार बेकायदा समजावा.

आधी न्यायालयाचे पाहू. दिल्ली उच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल हृदयाच्या एका आनुवंशिक विकारावरील उपचाराचा दावा नाकारल्याच्या प्रकरणात होता. पुढे 2019 मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने आनुवंशिक आजार पॉलिसीतून वगळण्यास मनाई केली, हे खरे आहे. मात्र झालेल्या आजाराचा खर्च नाकारू नये, एवढ्यावरून न झालेल्या आजाराची तपासणी आणि शस्त्रक्रिया कंपनीने करून द्यावी, असे निघत नाही. संदेश लिहिणाऱ्याने ते परस्पर काढले आहे.

मेडिक्लेम मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतो, तर या तपासणीसाठी रक्ताचा किंवा लाळेचा नमुना लागतो, दाखल व्हावे लागत नाही. आणि केवळ निदानासाठी दाखल झाल्याचा खर्च तर प्रमाणित अपवादांतच, म्हणजे पॉलिसीत न मिळणाऱ्या खर्चांच्या ठरलेल्या यादीतच मोडतो. त्यामुळे निरोगी बाईला हा खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो. कर्करोग झालेल्या बाईची गोष्ट वेगळी आहे. तिला ओलापॅरिबसारखे, जनुकदोष असलेल्या कर्करोगावरचे औषध द्यावे की नाही, हे ठरवण्यासाठी डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली असेल, तर दाखल होण्याआधीच्या आणि नंतरच्या खर्चात ते बिल लावून दावा करता येतो. चिठ्ठीवर कारण स्पष्ट लिहून घ्यावे.

प्रत्येक बाईने तपासणी करावी, हा सल्ला तर वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचा आहे. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण 5 ते 10 टक्केच आनुवंशिक असतात. मावशीला तरुणपणी कर्करोग झाला असेल आणि ती हयात असेल, तर नमुना आधी मावशीचा घ्यावा. तिच्यात कोणता जनुकदोष आहे हे माहीत नसताना भाचीचा अहवाल निर्दोष आला, तरी त्यावर फारसे विसंबता येत नाही. आपल्याकडे चौकशी आईकडचीच होते आणि आत्याचा आजार कोणी सांगत नाही, वास्तविक हा दोष वडिलांकडूनही येतो.

शस्त्रक्रियेचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. बीआरसीए-1 या जनुकात दोष असल्यास आयुष्यभरात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे 70 टक्के असते आणि दोन्ही स्तन काढल्याने ती जवळपास 90 टक्क्यांनी घटते. तेव्हा ही हौसेची शस्त्रक्रिया नव्हे. सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च पॉलिसीत मिळत नाही, पण कर्करोगानंतरच्या स्तनाच्या पुनर्रचनेला हा अपवाद लागू होत नाही. निरोगी बाईच्या बाबतीत मात्र प्रत्यक्ष आणि तात्काळ धोका टाळण्यासाठीचा आवश्यक उपचार असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, आणि धोका तात्काळ नाही असे कंपनी म्हणू शकते. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वीच कंपनीकडून लेखी मंजुरी मागावी.

संदेशात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा उल्लेखही नाही, याचे आश्चर्य वाटते. 2012 मध्ये ती सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होते, आणि कर्करोग झाल्यावरच्या उपचारांसाठी खान्देशातल्या अनेक घरांना तिचाच आधार आहे.

नकार आपोआप बेकायदा ठरत नाही, पण तो अंतिमही नसतो. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभरात समाधान न झाल्यास विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे 50 लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यासाठी विनाशुल्क जाता येते.