'फक्त नजर फिरवा'

सकाळी मेल आला. "मशीनने भाषांतर केलंच आहे, तुम्ही फक्त नजर फिरवा. संध्याकाळपर्यंत हवंय." दर नेहमीच्या निम्म्याहून कमी. कामाचं नावही आता भाषांतर नाही, पोस्ट-एडिटिंग.

बरं, फिरवली नजर. शस्त्रक्रियेनंतर पेशंटच्या हातात द्यायचं पत्रक होतं. चौथीच ओळ: 'जखमेतून डिस्चार्ज मिळाल्यास डॉक्टरांना त्वरित कळवा.'

जखमेतून डिस्चार्ज मिळाल्यास! जखम काय ॲडमिट होती? म्हणायचं होतं, जखमेतून पू किंवा पाणी यायला लागलं तर. मी खो खो हसले, आणि मग हसू विरलंच. कारण वाक्य व्याकरणात चोख होतं. पूर्वी मशीनचं मराठी लंगडत यायचं, चूक लांबूनच दिसायची. २०१७ मध्ये गूगल ट्रान्सलेटने मराठीसाठी न्यूरल तंत्र घेतलं, म्हणजे तुकडे न जोडता अख्खं वाक्य एकदम बघणारं, तेव्हापासून चुकासुद्धा इस्त्री करून येतात. त्या पकडायच्या तर मूळ ओळ वाचा, अर्थ लावा, म्हणजे मनातल्या मनात अख्खं भाषांतर कराच. पैसे मात्र नजर फिरवण्याचे.

आणि करारात तळाशी बारीक अक्षरात काय? अंतिम मजकुराच्या अचूकतेची जबाबदारी भाषांतरकाराची. वा! बिल लावताना मी तपासनीस, निस्तरताना भाषांतरकार!

'काळाबरोबर बदला' हे कृपया कुणी कमेंटमध्ये लिहू नका. बदललेय. मीही मशीन वापरते, त्याच त्या रटाळ मजकुराचा तासांचा वेळ वाचतो, मान्य. १९५४ साली मशीनने साठेक रशियन वाक्यं इंग्रजीत करून दाखवली, तेव्हा ते संशोधक 'तीन ते पाच वर्षांत प्रश्न सुटेल' म्हणाले होते. त्या बढाईला आम्ही वर्षानुवर्षं हसलो. आता तितकं हसता येत नाही, हेही मान्य.

पण तो डिस्चार्ज मला दिसला कसा? पहिल्या वर्षी मी स्वतः 'ड्रेसिंग रोज बदला'चं 'पोशाख रोज बदला' केलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी लाल पेनाने गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'पेशंटला नटवायचंय का?' लाजेने मेले होते. तो कागद अजून जपून ठेवलाय. आता नव्या मुलींना असली साधी पत्रकं मिळतच नाहीत, थेट मशीनचं तपासायला बसवतात. स्वतः कधी चुकल्याच नाहीत तर चूक ओळखणार कशा?

२०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस संपावर होते. कंपनी लेखकाला एआय वापरायची सक्ती करणार नाही, हे त्यांनी करारात लिहून घेतलं. त्यांची युनियन आहे. आम्ही आपापल्या घरी, आपापल्या लॅपटॉपपुढे. मी नाही म्हटलं की तोच मेल दुसरीला.

असो. पत्रक पाठवलं. सोबत लिहिलं, 'नजर फिरवलेली नाही, भाषांतर केलं आहे. बिलही भाषांतराचंच लावते आहे.'

दोन तास झाले, उत्तर नाही. चौथी ओळ मात्र नीट केली. कुणाची तरी आई वाचणार आहे ती.