‘फेलओव्हर झाला तरी फाइल ट्रान्सफर तुटत नाही’ हे विधान कुठे चुकतं

सर्व्हर क्लस्टर म्हणजे एकमेकांची जागा घेऊ शकणाऱ्या सर्व्हरचा गट, आणि त्यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे नोड. त्याबद्दल एक विधान सगळीकडे फिरत असतं: एक नोड पडला की दुसरा काही सेकंदांत काम हाती घेतो (हाच फेलओव्हर). आयपी तोच, डिस्क तीच, क्लायंट पुन्हा जोडून घेतो, म्हणून चालू असलेली फाइल आपोआप पुढे जाते. विंडोजमध्ये हे होतंच, असा दाखलाही वर दिला जातो. सेवा परत उभी राहते हे खरं आहे. पण सेवा उभी राहिली म्हणजे अर्ध्यावरची फाइल वाचली, असं धरून चालणाऱ्यांच्या रात्री आपोआप चालणाऱ्या बॅचमधूनच तुटक्या फाइली पुढच्या सिस्टिममध्ये शिरतात.

‘आयपी तोच, म्हणून कनेक्शन टिकतं.’

टिकत नाही. कनेक्शन सांभाळणाऱ्या टीसीपीचे सीक्वेन्स नंबर (डेटा कुठवर पोचला याचा हिशेब), बफर, एसएफटीपी (एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून फाइल पाठवणं) असेल तर एसएसएचच्या सेशन की, हे सगळं पडलेल्या नोडच्या मेमरीत होतं आणि त्याच्याबरोबर गेलं. व्हर्च्युअल आयपी (नोडमागून नोडकडे फिरणारा क्लस्टरचा सामायिक पत्ता) हलल्यावर क्लायंटचं पुढचं पॅकेट नव्या नोडकडे जातं. त्याला हे कनेक्शन माहीतच नसतं, म्हणून तो रीसेट (‘हे कनेक्शन संपलं’ असा संदेश) पाठवतो. ही त्यातल्या त्यात बरी अवस्था, कारण निदान चूक लगेच कळते. नव्या नोडच्या फायरवॉलने ते पॅकेट अवैध ठरवून गुपचूप टाकलं, तर रीसेटही येत नाही. मग लिनक्सवर अपलोड करणारा क्लायंट मूळ सेटिंगमध्ये साधारण १५ मिनिटं तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

डाउनलोड करणाऱ्याची गत याहून वाईट. त्याला पाठवायचं काही नसतं, त्यामुळे रीसेट यायलाही निमित्त मिळत नाही. टीसीपी कीपअलाइव्ह (समोरचा अजून आहे का ते विचारणारी चाचणी) चालू असला तरी लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये पहिली चाचणी २ तासांनी जाते, नंतर ७५ सेकंदांच्या अंतराने एकूण ९ चाचण्या. म्हणजे उत्तर आलंच नाही तर २ तास ११ मिनिटं जॉब ‘चालू’ दिसतो. ओपनएसएसएच (एसएसएचचं प्रचलित सॉफ्टवेअर) क्लायंटमध्ये सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल १५ सेकंद आणि काउंट-मॅक्स ३ ठेवा, पाऊण मिनिटात कळेल. दोन्ही नोडवर एसएसएचची होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी की) एकच हवी. ती वेगळी असेल, तर पुन्हा जोडायला गेलेली स्क्रिप्ट ‘ओळख बदलली’ म्हणून तिथेच थांबते.

‘डिस्क सामायिक आहे, म्हणून लिहिलेलं हरवत नाही.’

सर्व्हरने ‘लिहिलं’ म्हटलं तेव्हा डेटा बहुतेक वेळा रॅममधल्या पेज कॅशमध्ये (डिस्कवर उतरण्याआधीच्या तात्पुरत्या जागेत) असतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये तो तिथे साधारण ३० सेकंद राहू शकतो. नोडची वीज गेली की तेवढं शेपूट गेलं, मग खालची डिस्क कितीही सामायिक असो. डीआरबीडी (दोन नोडच्या डिस्क नेटवर्कवरून सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे इथे त्याचा प्रोटोकॉल सी पुढे करतात. तो एकाच वेळी दोन्ही नोडच्या डिस्कवर लिहितो खरा, पण पेज कॅशमधला डेटा त्या थरापर्यंत पोचलेलाच नसतो. प्रोटोकॉल ए असेल, तर वाटेवरच्या बफरमधलंही जाऊ शकतं. ओपनएसएसएचच्या एसएफटीपीत पुट (फाइल चढवण्याच्या) आदेशाला एफ हा पर्याय दिला की फाइल संपल्यावर एफसिंक होतं, म्हणजे कॅशमधला डेटा डिस्कवर उतरवला जातो. महत्त्वाच्या फाइलसाठी तो वापराच.

‘क्लायंट रिझ्यूम करतो.’

एससीपी या कॉपीच्या आदेशाला रिझ्यूम (तुटलं तिथून पुढे चालू करणं) नाहीच. आरसिंक हे फाइली जुळवणारं साधन आधी लपलेल्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितं. ‘पार्शल’ पर्यायाने अर्धवट फाइल जागेवर ठेवण्याचं काम डेटा घेणारी प्रोसेस शेवटच्या क्षणी करते, आणि नोड अचानक मेला तर तिला तो क्षण मिळत नाही. त्याचाच दुसरा पर्याय ‘अपेंड-व्हेरिफाय’ थेट मूळ फाइलमध्ये लिहितं आणि शेवटी आधीच्या भागासह तपासतं, म्हणून इथे तेच उपयोगी.

सगळ्यात घातक प्रकार एफटीपी या फाइल पाठवण्याच्या जुन्या प्रोटोकॉलचा. समजा क्लायंटच्या हिशेबाने ६ जीबी गेले, पण नव्या नोडवर ५.८ जीबीच उरले. क्लायंटने स्वतःच्या आठवणीवरून रेस्ट (कुठून पुढे पाठवायचं ते सांगणाऱ्या) आदेशात ६ जीबी सांगितले, तर मधे शून्यांचं भोक पडू शकतं. शेवटी फाइलचा आकार बरोबर आणि आतला माल खराब! आधी सर्व्हरवरचा आकार विचारा, शेवटी एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या आतल्या मालावरून काढलेला आकडा) जुळवा. आकार जुळला म्हणून समाधान मानू नका.

‘विंडोजमध्ये तर होतंच.’

होतं, पण अटींवर. विंडोज सर्व्हर २०१२ बरोबर आलेल्या एसएमबी ३.० (विंडोजचा फाइल वाटण्याचा प्रोटोकॉल) मध्ये शेअर, म्हणजे नेटवर्कवर वाटलेलं फोल्डर, ‘कंटिन्युअसली अव्हेलेबल’ असेल आणि क्लायंट विंडोज ८ किंवा पुढचा असेल, तर उघड्या फाइलची नोंद क्लस्टरच्या डिस्कवर ठेवली जाते. कनेक्शन तिथेही तुटतंच. नवं कनेक्शन त्या नोंदीवरून फाइल पुन्हा हातात घेतं, आणि कॉपी थोडी थांबून पुढे सरकते. अशा शेअरवर लेखन कॅशमध्ये न थांबता डिस्कवर जातं, म्हणून वेग कमी मिळतो. आधीच्या एसएमबी २ चे ड्युरेबल हँडल (उघड्या फाइलची सर्व्हरने ठेवलेली नोंद) फक्त नेटवर्कच्या छोट्या झटक्यापुरते आहेत, नोड मेला की तेही गेले. म्हणजे इथे ट्रान्सफर वाचवतो तो प्रोटोकॉल. त्याच क्लस्टरवर एफटीपी चालवलं, तर ही सोय मिळत नाही.

प्रोटोकॉल कोणताही असो, फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवा आणि पूर्ण झाल्यावर त्याच फाइलसिस्टिमवर तिचं नाव बदला. पुढची सिस्टिम फक्त अंतिम नाव उचलेल. ‘पूर्ण झालं’ हे उत्तरच वाटेत हरवलं तर क्लायंट तीच फाइल पुन्हा पाठवतो, म्हणून पुढच्या सिस्टिमला दुबार फाइल ओळखता आली पाहिजे.

आणि चाचणी करताना सेवा आदेश देऊन दुसऱ्या नोडवर हलवू नका. तसं केलं की सेवा नीट बंद होते, फाइलसिस्टिम अनमाउंट होताना कॅश डिस्कवर उतरते, आणि सगळं सुरळीत दिसतं. १० जीबीची फाइल अर्ध्यावर असताना सक्रिय नोडची वीज तोडा, आणि मग चेकसम जुळवा.