'ठीक सहा वाजता' म्हणे!

निमंत्रणपत्रिकेत 'ठीक' हा शब्द छापणाऱ्याला एकदा समोर बसवून विचारायचंय, बाबा रे, ठीक म्हणजे तुझ्या घड्याळात नेमकं किती? गेल्या आठवड्यात मी पाचदा दिलेल्या वेळेला पोचलो आणि त्यातल्या चारदा खुळ्यासारखा रिकाम्या खुर्च्या मोजत बसलो.

मंगळवारी हुबळीत दहाला मीटिंग. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीची कास्टिंग विकतो, त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस हायवेवरच जातात. पहाटे पाचला उठून लाल बस धरली, कित्तूर, धारवाड करत शंभरएक किलोमीटर गेलो आणि पावणेदहाला त्यांच्या दारात हजर. बस वेळेवर, मी वेळेवर. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, "साहेब्रु बर्तार री, कुंद्री." म्हणजे साहेब येतायत, बसा. बसलो. साहेब साडेबाराला उगवले आणि वर मलाच विचारतात, "लवकर आलात वाटतं?" काम दहा मिनिटांत आटपलं. त्या दहा मिनिटांसाठी माझा पहाटे पाचपासूनचा दिवस गेला.

बुधवारी खानापूर रोडला रिसेप्शन. वेळ सात ते दहा. नवरा-नवरी स्टेजवर आले पावणेनऊला, कारण बाहेर त्यांचं शूटिंग चाललेलं. पाकीट हातात धरून दोनशे माणसं रांगेत उभी आणि हे दोघे कारंज्याजवळ एकमेकांकडे सहाव्यांदा वळून बघतायत. गुरुवारी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावचा माणूस सांगितलेल्या वेळेला भेटला, तर मलाच वाटलं आपला वार चुकला.

शुक्रवारी मित्र. आठला भेटायचं ठरलं. पावणेनऊला फोन केला तर, "येऊलालोय की रे, पहिल्या गेटात अडकलोय." टिळकवाडीचं रेल्वे गेट नसतं तर या गावातली माणसं काय खोटं बोलली असती, कुणास ठाऊक. एवढ्या वेळात बेळगावातून गेलेली रेल्वे खानापूरच्याही पुढं गेली असती. आणि फोनमध्ये मागून टीव्ही ऐकू येत होता.

पण हे सगळं मी गिळलं असतं. शनिवारचं नाही गिळणार.

शनिवारी गाणं होतं. उघड्यावर मांडव, सायंकाळी ठीक सहा, बाई धारवाडच्या परंपरेतल्या. सुरुवातीला मारवा गाणार असं कळलं होतं, म्हणून तर दोन दिवसांच्या प्रवासानं आंबलेलं अंग घेऊन मी गेलो. मारवा म्हणजे दिवस मावळतानाचा राग. उजेड जातोय, अंधार पुरता आलेला नाही, तेवढ्या फटीत तो गायचा. सूर्य काही प्रमुख पाहुण्यांसाठी थांबत नाही.

पाहुणे सात वीसला आले. मग दीपप्रज्वलन. वाऱ्यानं मेणबत्ती तीनदा विझली, समईच्या पाच वातींना पाच मान्यवर आणि प्रत्येकाचा वेगळा फोटो. मग सत्कार. इथं आपल्या सीमाभागाची कमाल बघा: आम्ही सगळं दोनदा करतो. स्वागत मराठीत, स्वागत कन्नडमध्ये. एकाला फेटा, तर दुसऱ्याला म्हैसूर पेटा. शाल, श्रीफळ, हार, आमच्या बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा बॉक्स. तबलजी पेटीवाल्याकडे बघतोय, पेटीवाला छताकडे बघतोय, तानपुरे मघाशी लावलेले, ते गारठ्यानं बेसूर झाले असणार.

आणि भाषण! पाहुणे म्हणाले, ही माती संगीताची आहे, याच मातीत कुमार गंधर्व जन्मले. खरंय. १९२४ सालची ८ एप्रिल, इथून जवळच्या सुळेभावीत. पण कुमारांचं कौतुक सांगत पंचवीस मिनिटं तुम्ही जिला अडवून ठेवलंय, ती गाणारीच आहे ना हो? पुढं मल्लिकार्जुन मन्सूर आले, गंगूबाई हनगल आल्या, भीमसेन जोशी आले, शेवटी त्यांचे स्वतःचे मामा आले. ते म्हणे भजन बरं म्हणायचे.

साडेआठला बाई बसल्या. मारव्याचा विषयच संपलेला. पुन्हा तानपुरे लावले आणि थेट रात्रीचा बिहाग घेतला. काय गायल्या! संथ विलंबितात तो गंधार असा लागला की माझ्या शेजारचे आजोबा पान चघळायचे थांबले. चाळीस मिनिटं, फक्त चाळीस, मी हुबळी विसरलो, कारंजं विसरलो. राग कुठं उलगडायला लागला तर विंगेतून एक स्वयंसेवक मनगटावर बोट आपटून दाखवायला लागला. उघड्यावर लाऊडस्पीकर दहानंतर बंद, कायदाच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. घड्याळ या माणसांना दाखवता येतं, हे बघूनच माझं डोकं फिरलं. मग संध्याकाळी सात वाजता हे मनगट कुठं गेलं होतं?

जलद लयीतलं द्रुत घाईत उरकलं. पुढं एक मराठी अभंग आणि एक कन्नड भक्तिपद, म्हणजे वचन, ठरलं होतं. कुणावर अन्याय नको म्हणून दोन्हींचे दोन-दोन चरण झाले. मैफल संपवायची भैरवी नाहीच. नऊ पन्नासला माइक काढून घेतला, कारण आभारप्रदर्शन राहिलं होतं. आणि ते झालं! मांडववाला, लाइटवाला, नाश्ता देणारे, जागा देणारे, सगळ्यांचे आभार, दोन्ही भाषांत, दहाला दोन मिनिटं कमी असेपर्यंत.

बाहेर पडताना दारात आयोजकांनी हात धरला. "काय हो, कसा वाटला कार्यक्रम?"

आठवडाभर साठलेलं सगळं ओठावर आलं होतं. आणि मी भेकड, म्हटलं, "छान झाला की."