पाऊल मोठे आहे

लोकांना दिसतो पण कधी सापडत नाही, अशा अद्भुत प्राण्याच्या हौशी संग्रहालयांत तो प्राणी नसतो, ही माझी तक्रार नाही. तो सापडला असता तर वनखात्याने केव्हाच ताब्यात घेतला असता. माझी अडचण माझ्या चेहऱ्याची आहे. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांना अशा जागांचे वेड असून, हमरस्त्यावर पाटी दिसली की त्यांची गाडी आपोआप वळते. आत जेमतेम दोन खोल्या असतात, आणि मालक, तिकीटविक्रेता व मार्गदर्शक अशा तिन्ही भूमिका करणारे एकच गृहस्थ पावलाच्या प्लास्टरच्या ठशाशेजारी उभे राहून आपल्याला न्याहाळत असतात. हसावे तर त्यांच्या आयुष्यभराच्या खटाटोपाचा अपमान होतो. गंभीर राहावे तर ते मला आपल्यातला समजून कपाटातली खास कात्रणे काढू लागतात. म्हणून ‘तुम्हाला काय वाटते?’ या प्रश्नाला मी ‘पाऊल मोठे आहे’ असे निर्विवाद उत्तर शोधून ठेवले आहे.

कॅलिफोर्नियातल्या विलो क्रीकचे भाग्य अशाच पावलांनी उजळले. १९५८ मध्ये जवळच्या ब्लफ क्रीक भागात रस्त्याच्या कामावर प्रचंड पावलांचे ठसे दिसले आणि जंगलात राहतो म्हणतात त्या केसाळ, माणसासारख्या प्राण्याचे ‘बिगफूट’ हे नाव वर्तमानपत्रांतून देशभर पोहोचले. २००२ मध्ये त्या कामाचा कंत्राटदार वारल्यावर कुटुंबीयांनी ठसे उमटवण्याची त्याची लाकडी पावले जगासमोर मांडली, तरी गावाने संग्रहालय बंद केले नाही आणि उत्सवही. मला हे रास्तच वाटते. पाहुणे येत असताना खुलासे कोण वाचत बसतो?

वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंटमध्ये मात्र माझे हसू आपोआप आवरले. तेथे १९६६ पासून वर्षभर लाल डोळ्यांचा, पंखवाला ‘मॉथमन’ दिसल्याच्या वार्ता येत राहिल्या, आणि १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसे दगावली. चौकशीत पुलाच्या साखळीतील एका पोलादी पट्टीत पडलेली बारीकशी चीर कारण ठरली. लोकांनी तरीही दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या. चिरेचा पुतळा उभारता येत नाही. मॉथमनचा चकचकीत पोलादी पुतळा २००३ पासून गावात उभा आहे, आणि सप्टेंबरातल्या उत्सवाला बाहेरून माणसांची रीघ लागते.

परवा एका अगदीच अनोळखी गावातल्या मालकांनी निरोप देताना अभिप्रायाची वही पुढे केली. मेहुण्यांनी पानभर लिहिले. ‘आपला विश्वास आहे का?’ या रकान्यात मी सुवाच्य अक्षरांत आमचा पिनकोड लिहिला.